इसोरोकू यामामोतो

इसोरोकू यामामोतो (४ एप्रिल, १८८४ – १८ एप्रिल, १९४३) हे दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या संयुक्त आरमाराचे सरसेनापती होते. पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावरील हल्ल्याची योजना त्यांची होती. मात्र अमेरिकेशी युद्ध करण्यास त्यांचा विरोध होता.

प्रारंभिक जीवन

यामामोतो यांचा जन्म निगाता प्रांतातील नागाओका येथे ताकानो या सामुराई घराण्यात झाला. त्या वेळी वडिलांचे वय ५६ होते. ‘इसोरोकू’ या नावाचा अर्थही छप्पन्न असाच आहे. १९०४ साली ते नौदल अकादमीतून उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत त्यांनी डाव्या हाताची दोन बोटे गमावली. १९१६ साली ते यामामोतो घराण्यात दत्तक गेले आणि त्या घराण्याचे आडनाव त्यांनी स्वीकारले.

१९१९ ते १९२१ या काळात त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण घेतले. पुढे १९२६ पासून दोन वर्षे ते वॉशिंग्टन येथील जपानी दूतावासात नौदलाचे प्रतिनिधी होते. अमेरिकेचे तेल आणि कारखाने यांचे सामर्थ्य त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. दीर्घकाळ चालणाऱ्या युद्धात जपान या देशापुढे टिकणार नाही, हे त्यांचे मत त्यातून बनले. आगामी युद्धाचा निकाल अवाढव्य युद्धनौकांपेक्षा विमाने लावतील, असेही ते मानत. ‘अकागी’ या विमानवाहू नौकेचे ते काही काळ कप्तान होते.

राजकीय भूमिका

१९३६ साली ते नौदल उपमंत्री झाले. जर्मनी व इटलीशी लष्करी करार केल्यास अमेरिका व ब्रिटन यांच्याशी युद्ध ओढवेल, म्हणून त्यांनी त्यास विरोध केला. त्यामुळे जहाल राष्ट्रवाद्यांकडून त्यांना ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांची नेमणूक संयुक्त आरमाराच्या सरसेनापतिपदी झाली. त्यांना राजधानीपासून दूर, सुरक्षित ठेवणे हाही तिचा एक हेतू होता. सप्टेंबर १९४० मध्ये त्रिपक्षीय करार झालाच. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचीन व्यापल्यावर अमेरिकेने तेलपुरवठा तोडला आणि युद्ध अटळ होत गेले.

पर्ल हार्बर

युद्ध करावयाचेच असेल तर आरंभीच अमेरिकेचे पॅसिफिक आरमार निकामी करावे, म्हणजे वाटाघाटींना अवसर मिळेल, असा यामामोतो यांचा विचार होता. ७ डिसेंबर, १९४१ रोजी सहा विमानवाहू नौकांवरून उडालेल्या सुमारे ३५० विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यात सुमारे २,४०० अमेरिकी मृत्युमुखी पडले. परंतु अमेरिकेच्या विमानवाहू नौका बंदरात नव्हत्या, तसेच तेलाच्या टाक्या व दुरुस्तीच्या गोद्या शाबूत राहिल्या. वाटाघाटी संपल्याचे जपानचे पत्र हल्ला सुरू झाल्यानंतर वॉशिंग्टनमध्ये देण्यात आले. परिणामी अमेरिकेत तडजोडीची भाषाच उरली नाही. ज्या दीर्घ युद्धाची यामामोतो यांना भीती होती, तेच त्यांच्या योजनेने सुरू झाले.

मिडवे

एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी विमानांनी टोकियोवर बॉम्बहल्ला केला. त्यामुळे मिडवे बेटावर चढाई करून उरलेल्या अमेरिकी विमानवाहू नौका नष्ट करण्याच्या यामामोतो यांच्या योजनेला बळ मिळाले. त्यांनी आपले आरमार अनेक तुकड्यांत विखुरले आणि ते स्वतः ‘यामातो’ या युद्धनौकेवर शेकडो मैल मागे राहिले. अमेरिकेने जपानी नौदलाची सांकेतिक लिपी अंशतः उलगडली असल्याने हा बेत तिला आधीच कळला होता. ४ जून, १९४२ रोजी सुरू झालेल्या लढाईत जपानच्या ‘अकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ व ‘हिर्यू’ या चार विमानवाहू नौका बुडाल्या. पॅसिफिकमधील पुढाकार जपानच्या हातून निसटू लागला. त्यानंतर ग्वादलकनालच्या संघर्षात जपानने अनुभवी वैमानिक मोठ्या संख्येने गमावले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये ते बेट सोडले.

मृत्यू

एप्रिल १९४३ मध्ये यामामोतो यांच्या पाहणी दौऱ्याचा संदेशही अमेरिकेने उलगडला. १८ एप्रिल रोजी बोगनव्हिल बेटावर त्यांचे विमान पाडण्यात आले व त्यात त्यांचा मृत्यू झाला. जपानी जनतेला ही वार्ता २१ मे रोजी कळविण्यात आली. त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नाविक हुद्दा देण्यात आला आणि ५ जून रोजी टोकियो येथे राजकीय इतमामाने अंत्यविधी झाला. नागाओका येथे त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे.