रवींद्रनाथ टागोर : शाळेला कंटाळलेला मुलगा, नाटक-कवितेची शाळा काढणारा शिक्षक



रवींद्रनाथांची जयंती ७ मे ला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. त्यामुळे आपल्या शाळांत ती फारशी साजरी होत नाही. मुलांच्या सामान्यज्ञानाच्या वहीत त्यांच्याबद्दल दोनच ओळी असतात : राष्ट्रगीताचे कवी आणि १९१३ चे नोबेल विजेते. पण हा माणूस आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं शाळा चालवत होता, मुलांसाठी नाटकं लिहीत होता, त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभा राहत होता, ही तिसरी ओळ राहूनच जाते. भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी खरी कामाची ओळ तीच आहे. म्हणून आज शिक्षक रवींद्रनाथांची ओळख करून घेऊ.

शाळेत न रमणारा रवी

रवींद्रनाथांचा जन्म १८६१ साली कोलकात्यातल्या जोडासांको भागातल्या मोठ्या वाड्यात झाला. वडील देवेंद्रनाथ, आई शारदादेवी. घर श्रीमंत आणि माणसांनी भरलेलं, पण लहान मुलं नोकरांच्या ताब्यात. श्याम नावाचा नोकर खडूने रवीभोवती वर्तुळ काढायचा आणि ते ओलांडलं तर काय होईल याची भीती घालून निघून जायचा. रामायणातली लक्ष्मणरेषा माहीत असल्याने रवी तासन् तास त्या वर्तुळात बसून खिडकीतून तळं आणि वडाचं झाड बघत राहायचा.

ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा एकामागून एक शाळा झाल्या, पण रवी कुठेच टिकला नाही. घरी मात्र तो शाळा-शाळा खेळायचा. व्हरांड्याच्या कठड्याचे गज हे त्याचे विद्यार्थी. त्यात काही गज हुशार, काही ढ. हा हातात छडी घेऊन ढ गजांना बडवायचा. मोठेपणी त्यांनी आठवणींत लिहिलं की शिक्षकांकडून शिकण्यासारखं बरंच काही होतं, पण आपण सर्वात आधी उचलली ती छडी. मूल आपल्याकडून काय उचलतं, हे आपल्या हातात नसतं ते असं!

नॉर्मल स्कूलमध्ये वर्ग सुरू होण्याआधी सगळी मुलं एक इंग्रजी गाणं एका सुरात म्हणायची. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. तोंडातून तोंडात जाताना शब्दांचा पार चुरा झाला होता. ते मूळ शब्द काय असावेत, हे कोडं रवींद्रनाथांना मोठेपणीही पूर्ण सुटलं नाही. अर्थ न कळता पाठ केलेल्या कवितेचं काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

कविता लिहायला कुणी शिकवलं?

रवी सात-आठ वर्षांचा असताना त्याच्याहून मोठा असलेला भाचा ज्योतिप्रकाश याने एके दिवशी त्याला बोलावून घेतलं आणि कविता लिही म्हणून सांगितलं. आपल्याकडे जशी ओवी, तसा बंगालीत चौदा अक्षरांचा पयार छंद. त्याची बांधणी त्याने समजावून दिली. कविता म्हणजे छापील पुस्तकात आपोआप उगवणारी वस्तू, अशी तोवर रवीची समजूत होती. ती माणूस बनवतो आणि आपणही बनवू शकतो, हे कळल्यावर त्याने एक निळी वही मिळवली आणि ती भरायला लागला.

आता शाळेतले दोन प्रसंग बघा. नॉर्मल स्कूलमधल्या सातकडी दत्त नावाच्या शिक्षकांच्या कानावर आलं की हा मुलगा कविता करतो. खरं तर ते त्याच्या वर्गाला शिकवतही नव्हते. तरी ते दोन ओळी द्यायचे आणि पुढच्या ओळी रवीला जोडायला सांगायचे. रवी आनंदाने जोडायचा. दुसरे गोविंदबाबू. हे शाळेचे प्रमुख आणि कडक शिस्तीचे. त्यांनी रवीला एका नीतितत्त्वावर कविता लिहून आणायला फर्मावलं. दुसऱ्या दिवशी त्याला वरच्या वर्गात नेऊन ती म्हणायला लावली. वरच्या वर्गातल्या मुलांवर नीतीचा परिणाम शून्य झाला. उलट ही कविता चोरलेली आहे, अशीच चर्चा सुरू झाली. एकाने तर मूळ पुस्तक आणून दाखवायची तयारी दाखवली.

दोघांचाही हेतू चांगला होता. पण एकाने मुलाला खेळायला दोन ओळी दिल्या, दुसऱ्याने उपदेशाचं ओझं दिलं. आपण वर्गात निबंधाचे विषय फळ्यावर लिहितो, तेव्हा यातलं कोणतं देतो?

मॅकबेथ आणि बंद खोली

अभिजात साहित्याचेही असेच दोन अनुभव त्यांच्या वाट्याला आले. मायकेल मधुसूदन दत्तांचं 'मेघनादवध' हे बंगालीतलं मोठं काव्य. पण रवीला ते शिकवलं गेलं केवळ भाषा पक्की व्हावी म्हणून. शब्दार्थ, संधी, समास फोडता फोडता काव्य बाजूलाच राहिलं. परिणाम असा की त्या काव्याविषयी त्यांच्या मनात नावड बसली आणि तरुणपणी त्यांनी त्यावर कडक टीकालेखही लिहिला. तो लेख अपरिपक्व होता, हे त्यांनीच पुढे मान्य केलं.

दुसरा अनुभव ज्ञानचंद्र भट्टाचार्य या घरच्या शिक्षकांचा. रवी शाळेच्या अभ्यासक्रमात काही केल्या अडकेना, तेव्हा त्यांनी तो नादच सोडला. ते कालिदासाचं 'कुमारसंभव' समजावून सांगू लागले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा एकेक भाग बंगालीत उलगडून सांगायचे आणि त्या भागाचा बंगाली पद्यात अनुवाद होईपर्यंत रवीला खोलीत कोंडायचे! कोंडण्याचा भाग आपण सोडून देऊ. पण पद्धत बघा. आधी अर्थ स्वतःच्या भाषेत कळला, मग तो स्वतःच्या शब्दांत मांडायला मिळाला. असं करत संपूर्ण नाटकाचा अनुवाद झाला.

पुढे रामसर्वस्व पंडित या मुलाला थेट ईश्वरचंद्र विद्यासागरांकडे घेऊन गेले. भरपूर पुस्तकांच्या त्या खोलीत धडधडत्या छातीने रवीने आपला मॅकबेथ वाचून दाखवला. तिथे बसलेल्या राजकृष्ण मुखोपाध्यायांनी एक सूचना केली : चेटकिणींच्या बोलण्याची भाषा आणि छंद इतर पात्रांपेक्षा वेगळा हवा. शाळेत कुठेच न रमलेल्या मुलाशी एक जाणकार माणूस लेखकाशी बोलावं तसं बोलला.

असाच एक श्रोता त्यांना मुंबईत मिळाला. १८७८ साली इंग्लंडला जाण्याआधी इंग्रजी संभाषणाची सवय व्हावी म्हणून ते प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. डॉक्टरांची विलायतेत राहून आलेली मुलगी अन्नपूर्णा त्यांना शिकवत असे. सतरा वर्षांच्या रवीकडे दाखवायला पदवी नव्हती, होत्या फक्त कविता. तिने त्या मनापासून ऐकल्या. तिच्यासाठी त्यांनी नलिनी हे नाव ठेवलं आणि ते कवितेतही गुंफलं. इंग्लंडहून १८८० मध्ये ते परतले, तेही पदवीशिवायच.

पाच मुलांची शाळा

२२ डिसेंबर १९०१ ला शांतिनिकेतनमध्ये त्यांनी शाळा सुरू केली. पाच विद्यार्थी, त्यांतला एक स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. वर्ग झाडाखाली भरायचे. पैशांची ओढ कायमची. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने शाळेसाठी दिले. सुरुवातीला अनेक पालक घरात न आवरणारी मुलंच इथे आणून सोडत.

त्यानंतरच्या सहा वर्षांत त्यांच्यावर एकामागून एक आघात झाले. १९०२ मध्ये मृणालिनीदेवी गेल्या. १९०३ मध्ये मुलगी रेणुका गेली. १९०४ मध्ये शाळेतले तरुण कवी-शिक्षक सतीशचंद्र राय देवीच्या आजाराने गेले. मुलांना साहित्याची गोडी लावण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि वय होतं अवघं विशीतलं. १९०५ मध्ये वडील गेले आणि १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्र अकराव्या वर्षी कॉलऱ्याने गेला. शाळा मात्र सुरूच राहिली.

शमींद्र गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, रवींद्रनाथांनी शाळेतल्या मुलांसाठी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिलं. शरद ऋतूत सुट्टी लागलेली मुलं गात-नाचत बाहेर पडतात. उपनंद नावाचा मुलगा मात्र आपल्या गुरूचं कर्ज फेडण्यासाठी पोथ्यांची नक्कल करत बसलेला असतो. संन्याशाच्या वेषातला राजा त्याच्या कामाला हातभार लावतो. मुलगा गमावलेल्या बापाने मुलांच्या सुट्टीचं, आनंदाचं नाटक लिहावं, हे वाचून आपण क्षणभर थांबतोच.

नाटक म्हणजे वर्षातून एकदा नव्हे

शांतिनिकेतनमध्ये नाटक हे रोजच्या शिकण्याचाच भाग होतं. नवं नाटक झालं की रवींद्रनाथ ते आधी शिक्षक आणि विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. नात्यातले दिनेंद्रनाथ गाणी बसवून घेत. मुलं आणि शिक्षक एकाच नाटकात काम करत, स्वतः रवींद्रनाथही. रंगवलेले पडदे आणि थाटाची सजावट यांना त्यांचा विरोध होता. बघणाऱ्याची कल्पना जागी असली की झाड रंगवून दाखवावं लागत नाही, असा त्यांचा विचार. आपल्या खर्चाला कात्री लागलेल्या शाळांना ही केवढी सोय आहे!

लेखनाचंही तसंच. मुलांच्या साहित्यसभा भरायच्या. तिथे मुलं स्वतःचं लिखाण वाचायची. मुलांची हस्तलिखित मासिकं निघायची. याच शाळेत वाढलेले प्रमथनाथ बिशी पुढे बंगालीतले नावाजलेले लेखक झाले. लहानांसाठी १९३० मध्ये 'सहज पाठ' ही वाचनपुस्तकं आली. त्यातली चित्रं नंदलाल बोस यांची.

हे सगळं परीक्षेला फाटा देऊन झालं असं मात्र नाही. मुलांना कोलकाता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसावंच लागे. रथींद्रनाथही त्या परीक्षेला बसले. ही ओढाताण त्यांनाही चुकली नाही, मग आपल्याला कशी चुकेल? त्यांनी परीक्षेसाठी वेळ दिला, पण नाटक-कवितेचा वेळ कापून दिला नाही.

'डाकघर'

१९११ मध्ये त्यांनी 'डाकघर' लिहिलं. आजारी अमलला वैद्यांनी घराबाहेर जायची बंदी केलेली आहे. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो. खडूच्या वर्तुळात बसून खिडकीबाहेर बघणारा रवी इथे ओळखू येतो.

हे नाटक फार दूर गेलं. पोलंडमध्ये वॉर्सा शहरात नाझींनी ज्यूंना एका वस्तीत कोंडलं होतं. तिथल्या अनाथाश्रमाचे प्रमुख यानुश कोर्चाक हे डॉक्टर, लेखक आणि शिक्षक. १८ जुलै १९४२ ला तिथल्या मुलांनी 'डाकघर' सादर केलं. मृत्यूला शांतपणे सामोरं जाणं मुलांना कळावं म्हणून कोर्चाक यांनी हे नाटक निवडलं, असं सांगितलं जातं. तीन आठवड्यांच्या आत त्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आलं. सुटकेची संधी नाकारून कोर्चाक मुलांबरोबर गेले. रवींद्रनाथ त्याआधीच, ७ ऑगस्ट १९४१ ला, जोडासांकोच्या घरी निवर्तले होते.

नाटक 'शिकवून' मुलांना काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मला ती अमलची खिडकी आठवते. प्रश्नोत्तरं विसरली जातात. तोंडात बसलेले संवाद मुलाबरोबर राहतात, अगदी कठीण वेळीही.

आपल्या वर्गासाठी

माध्यमिकच्या शिक्षकांनी एवढं तर नक्की करून बघावं. नाट्यउताऱ्याचे शब्दार्थ देण्याआधी तो मुलांकडून बाकं सरकवून उभ्याने वाचून घ्या. त्यातला एक प्रवेश मुलांना आपल्या बोलीत, म्हणजे अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी जी असेल तिच्यात करायला सांगा. चेटकिणीची भाषा वेगळी हवी, ही गोष्ट मुलांना तेव्हा आपोआप कळेल. निबंधाला उपदेशाचा विषय देण्याऐवजी कधीतरी दोन ओळी देऊन पुढचं मुलांवर सोडा. आणि वर्गाचं एक हस्तलिखित काढा, चार पानांचं का होईना.

पालकांनाही एक विनंती. मूल वहीच्या मागच्या पानावर काही खरडत असेल तर ती वही लगेच ओढून घेऊ नका. आधी त्याला वाचून दाखवायला सांगा. रवीची निळी वहीसुद्धा कुणीतरी ऐकली, म्हणूनच भरत गेली.