फी भरली, पण वाचून कोण दाखवणार?

हेलन केलरची गोष्ट आपल्यापैकी अनेकींनी शाळेत असताना वाचलेली असते. पंपाच्या धारेखाली धरलेला हात, दुसऱ्या हातावर बाईंनी बोटांनी लिहिलेला पाणी हा शब्द आणि त्या लहानगीला झालेला उलगडा! गोष्ट बहुतेक वेळा तिथेच संपते. मला मात्र पुढचंच कुतूहल जास्त. दिसत नाही, ऐकू येत नाही अशी मुलगी पदवीधर झाली तरी कशी? आणि मैत्रिणींनो, त्याचा खर्च केला कोणी?

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया या छोट्या गावातला. १९ महिन्यांची असताना मोठं आजारपण आलं आणि दृष्टी गेली, श्रवणही गेलं. मार्च १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हनबाई तिला शिकवायला आल्या. त्या स्वतः अधू दृष्टीच्या, गरिबांच्या सरकारी आश्रमात दिवस काढलेल्या. पगार महिना २५ डॉलर. पण हेलनच्या वडिलांची परिस्थिती खालावत गेली आणि बाईंचा पगारही थकू लागला.

बॉस्टनचे साखरेचे एक बडे व्यापारी, जॉन स्पॉल्डिंग, हेलनला मदत करायचे. १८९६ मध्ये ते वारले. त्याच वर्षी वडीलही गेले. हेलन तेव्हा १६ वर्षांची होती आणि कॉलेजात जायचंच म्हणून हट्टाला पेटली होती. केंब्रिजच्या मुलींच्या शाळेत तयारी सुरू झाली, पण पैसा कुठून आणायचा?

अशा वेळी धावून आले लेखक मार्क ट्वेन. हेलनला ते आदल्याच वर्षी भेटले होते. खरं तर ते स्वतः कर्जात बुडालेले. कर्ज फेडण्यासाठी भारतासह जगभर व्याख्यानं देत फिरून आलेले, त्यातच ऑगस्टमध्ये तरुण मुलगी गेलेली. तरीही नोव्हेंबर १८९६ मध्ये त्यांनी लंडनहून तेलसम्राट हेन्री रॉजर्स यांच्या पत्नीला पत्र लिहिलं आणि गरिबीपायी या मुलीचं शिक्षण थांबू देऊ नका, अशी गळ घातली. रॉजर्स दांपत्याने शब्द राखला. आणखी काही परिचितांनीही निधी उभा केला.

१९०० मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाली. मला महत्त्वाचं वाटतं ते इथून पुढचं. फी भरली, जागा मिळाली, म्हणजे झालं का? वर्गात प्राध्यापक काय बोलतात हे बाईंनी तिच्या तळहातावर अक्षर अक्षर लिहून सांगायचं. ब्रेलमधली पुस्तकं अगदी थोडी, बाकीची बाईंनी तासन्तास वाचून हातावर उतरवायची. त्यात बाईंचे दुखरे डोळे आणखी शिणायचे. म्हणजे फीइतकाच मोठा खर्च या सोबतीचा होता. बाईंच्या पोटापाण्याची सोय नसती, तर भरलेली फी वायाच गेली असती.

१९०४ मध्ये हेलन सन्मानासह बी.ए. झाली. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसताना ही पदवी मिळवणारी ती पहिलीच. तिच्याबरोबर तेच धडे गिरवलेल्या बाईंना मात्र पदवी नव्हती.

हेलन मानी होती. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी देऊ केलेलं निवृत्तिवेतन तिने आधी नाकारलं. लेखन-व्याख्यानांवर दोघींचं कसंबसं भागायचं. पण १९१३ मध्ये व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना बाई आजारी पडल्या. परक्या गावात हेलन असहाय झाली, तेव्हा तिने कार्नेगींना लिहून ती मदत स्वीकारली. पुढे १९२४ पासून अमेरिकेतल्या अंधांसाठीच्या संस्थेला पैसा मिळवून देण्यासाठी ती गावोगाव हिंडली. १९५५ मध्ये, पंचाहत्तरीत, भारतातही येऊन गेली. १ जून १९६८ ला तिचं निधन झालं.

हेलनचं नशीब एका पत्रावर आणि एका श्रीमंताच्या मनावर अवलंबून होतं. आज आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखीव ठेवाव्या लागतात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राच्या शिष्यवृत्त्याही आहेत. तुमच्या घरात, शेजारी अशी एखादी लेक बारावीला असेल, तर तिचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा आणि अर्जाची तारीख चुकवू नका. आणि खर्चाचा हिशेब मांडताना फी, पुस्तकांपाशी थांबू नका. तिला वाचून कोण दाखवणार, कॉलेजपर्यंत कोण नेणार, त्या माणसाचं काय, हेही त्याच कागदावर लिहा. दुपारचा तासभर मोकळा असेल, तर वाचून दाखवणारी तुम्हीही होऊ शकता.