विश्लेषण : पेट्रोलमध्ये शिसे मिसळणारे थॉमस मिजली कोण होते? इंजिनावर त्याचा काय परिणाम झाला?

ई-२० पेट्रोल आल्यापासून जुन्या गाडीच्या इंजिनाचे काय होणार, मायलेज किती घटणार, याची चर्चा सुरू आहे. पेट्रोलमध्ये काही तरी मिसळायचे आणि इंजिनाने त्याच्याशी जुळवून घ्यायचे, हा प्रकार मात्र शंभर वर्षे जुना आहे. त्यातले सर्वांत मोठे नाव अमेरिकी अभियंता थॉमस मिजली (ज्युनियर) यांचे.

नॉकिंगची डोकेदुखी काय होती?

मिजली यांचा जन्म १८८९ चा, पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्सचा. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली, तीही रसायनशास्त्राची नव्हे, मेकॅनिकल इंजिनीअरिंगची. १९१६ मध्ये ते ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली रुजू झाले. तिथे त्यांच्या वाट्याला आले नॉकिंग.

स्पार्क प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. दाब फार वाढला तर दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते. मग इंजिन टकटक करू लागते, पिस्टनला मार बसतो. त्यामुळे इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवता येत नव्हते आणि ताकद, मायलेज दोन्ही अडून बसले होते.

इंधन लाल असेल तर उष्णता शोषून लवकर वाफ होईल, असा सुरुवातीचा अंदाज होता. हाताशी आयोडीन होते, ते घातले आणि नॉकिंग थांबले. पण इतर लाल रंग घालून पाहिले तर काहीच फरक नाही! अंदाज चुकला, तरी रसायनाने नॉकिंग थांबते हे कळले. पुढे अॅनिलीन, टेल्युरियम असे बरेच काही तपासले गेले. टेल्युरियमचा वास तर अंगाला चिकटून बसे. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडले. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही लागत नव्हते.

मग अल्कोहोल का नको?

अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते, हे मिजली यांना ठाऊक होते, त्यांनी त्यावर कामही केले होते. आपल्या साखर कारखान्यांतून पंपावर येते ते हेच इथेनॉल. पण ते भरपूर मिसळावे लागते आणि त्याच्यावर पेटंटची मालकी सांगता येत नाही. माझ्या मते निर्णय इथेच झाला.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये विक्री सुरू झाली. त्याच सुमारास खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेमुळे फ्लोरिडात विश्रांती घेत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत पाच कामगार दगावले. त्यानंतर काही दिवसांतच मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. १९२५ मध्ये थांबवलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

इंजिनाचे काय झाले?

कॉम्प्रेशन वाढले, ताकद वाढली. पण जळलेल्या शिशाचा थर प्लग आणि व्हॉल्व्हवर बसू लागला. तो बाहेर काढण्यासाठी पेट्रोलमध्ये ब्रोमिनचे संयुग घालावे लागले. उरलेला पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटची झीज रोखत असे, म्हणून शिसे काढल्यावर जुन्या गाड्यांच्या सीट झिजू लागल्या आणि कंपन्यांना त्या कडक धातूच्या कराव्या लागल्या. शिसे जाण्याचे तातडीचे कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. शिशाने तो निकामी होतो. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून तो आला. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० मध्ये देशभर.

हे पाहायला मिजली नव्हते. दरम्यान त्यांनी फ्रिजसाठी फ्रिऑन हा वायूही शोधला. ओझोनच्या थराचे त्याने केलेले नुकसान नंतर उघड झाले. १९४० मध्ये पोलिओने त्यांचे पाय गेले. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी स्वतः दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली होती. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, जुलै २०२१ मध्ये थांबला.