प्रवरेपासून लिद्दरपर्यंत : डॉ. सांकळिया

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्या प्रवाशाने घोडेगाव मागे टाकले की नेवासे जवळ येते. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या टापूत नजरेला पडते ती काळी माती. तिच्या पोटात माणसाचा किती जुना इतिहास दडला आहे, हे दाखवून दिले डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी.

१० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात जन्मलेल्या सांकळियांनी १९३७ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात थरांनुसार खणण्याची शिस्त त्यांनी आत्मसात केली आणि १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. १९४९ मध्ये भूशास्त्रज्ञ फ्रेडरिक झॉयनर भारतात आले, तेव्हा गुजरातेतील लांघणजच्या वाळूच्या टेकाडांत गाडली गेलेली जुनी माती अभ्यासली गेली. नदीचा गाळ वा वाऱ्याची धूळ साचणे थांबते, वर गवत-झाडे रुजतात, त्यांचा पालापाचोळा कुजून माती तयार होते आणि पुन्हा नव्या गाळाखाली ती झाकली जाते. असा प्रत्येक पट्टा म्हणजे हवामानाच्या एका पर्वाची नोंदच.

१९५४ पासून नेवाशाला प्रवरेच्या काठी त्यांनी ही नजर वापरली. खालच्या वाळू-गोट्यांत हातकुऱ्हाडी सापडल्या. वरच्या थरात जास्पर व कॅल्सेडनीची लहान हत्यारे. मध्य पुराश्मयुगाला भारतात स्वतंत्र स्थान मिळाले ते याच पुराव्यावर. मात्र दख्खनच्या उष्णतेत, भिजत-सुकत राहणाऱ्या जमिनीत लाकूड, कापड असे सेंद्रिय पदार्थ क्वचितच टिकतात. म्हणूनच नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांचे मोल मोठे. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांतला रेशीम व कापसाचा धागा सुमारे साडेतीन हजार वर्षे शिल्लक राहिला होता! हत्यारांपेक्षाही हा इवलासा धागा मनाला अधिक भिडतो.

उंच पर्वतांत गणित उलटे असते. थंडीत सूक्ष्मजीवांचे काम मंदावते, कुजणे लांबते आणि गाडलेल्या मातीत सेंद्रिय अंश दीर्घकाळ राहतो. काश्मीरच्या करेवा पठारांवरील धुळीच्या जाड थरांत असे काळसर-तपकिरी पट्टे दिसतात. पण तिथे अश्मयुगीन माणूस होता का? १९३० च्या दशकात डी टेरा व पॅटरसन यांनी काश्मीरच्या हिमयुगीन थरांची बारकाईने पाहणी केली. पुराश्मयुगीन हत्यारे त्यांच्या हाती लागली नाहीत. हिमनद्यांच्या त्या प्रदेशात आदिमानव पोहोचलाच नसावा, असा समज त्यामुळे रूढ झाला.

१९६९ मध्ये साठी ओलांडलेले सांकळिया पहलगामला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेल्या लिद्दर नदीच्या खोऱ्यात पोहोचले. तेथील प्राचीन निक्षेपांत त्यांना दगडाचा एक भलामोठा छिलका व एक ओबडधोबड हातकुऱ्हाड मिळाली. थरांवरून त्यांनी त्यांचा संबंध हिमयुगाच्या प्राचीन टप्प्यांशी जोडला. काही अभ्यासकांना ते पटले नाही. हत्यारे मोजकी होती आणि हिमनदीने वाहून आणलेल्या गोट्यांत दगड आपोआपही फुटू शकतात. आक्षेप रास्त होता. तरीही रूढ समजाला तडा गेला होता. नंतरच्या काळात करेवांवरील धूळ व जुन्या मातीचे थर भारतीय शास्त्रज्ञांनी प्राचीन हवामानासाठी तपशीलवार अभ्यासले.

१९७४ मध्ये सांकळियांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हाही लिद्दरकाठच्या त्या हत्यारांच्या वयाचा वाद मिटलेला नव्हता.