रामशास्त्री प्रभुणे आणि ‘ध’चा ‘मा’

आमच्या गावचा एक मुलगा दुबईत विम्याच्या दाव्यांचा तपास करतो. सुटीत घरी आला तेव्हा त्याने आम्हांला विचारले की साक्ष, कबुली, दस्त आणि ऐकीव गोष्ट यांत फरक काय. आम्ही त्याला रामशास्त्र्यांचे चरित्र सांगितले.

शास्त्रीबोवा साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी शिक्षण झाले नाही; मोठेपणी काशीला जाऊन ते शास्त्र शिकले. आम्हां शिक्षकांना ही गोष्ट फार प्रिय. १७५१ साली ते पेशव्यांच्या नोकरीत शिरले व १७५९ साली मुख्य न्यायाधीश झाले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार मारले. हे डोळ्यांनी पाहणारे होते; त्यांचे सांगणे म्हणजे साक्ष. पण हुकूम कोणाचा? इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की पुतण्याला धरण्याचा हुकूम दिल्याचे राघोबादादांनी शास्त्र्यांपुढे मान्य केले. ही कबुली. हुकुमाचा कागद म्हणजे दस्त. त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले होते म्हणतात. पण खाडाखोड दिसली म्हणून ती कोणी केली हे कागद सांगत नाही. आनंदीबाईंचे नाव लोक आजही घेतात; ते ऐकीव.

शास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबांवर, आणि राघोबा तर तेव्हा स्वतः पेशवे! या पापाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगून शास्त्री पुणे सोडून गेले.

पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांना पुन्हा न्यायाधीशपद मिळाले. १७८९ साली ते वारले.