खिडकीतली कुंडी

परवा माझ्या हातून एक घोटाळा झाला. लेक नगरच्या कॉलेजात फोटोग्राफी शिकते. सरांनी वर्गाला प्रकल्प दिला होता. एकच वस्तू, एकाच जागेवरून, रोज एक फोटो, असे तीस दिवस. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत मेथीची कुंडी ठेवली. अकराव्या दिवशी ओटा पुसताना मी ती उचलली आणि जरा उन्हात सरकवली. झाडाला बरं, एवढाच विचार! संध्याकाळी घरात रडारड. अकरा दिवस फुकट गेले म्हणून जेवलीसुद्धा नाही.

तिची समजूत काढता काढता मला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली त्यांनीही कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडं थोडं असं महिनाभर त्याचं चित्रण केलं होतं. मिनिटभराच्या त्या फितीत अंकुर फुटून वेल वर चढताना दिसतो. ती दाखवूनच त्यांनी सिनेमासाठी भांडवल उभं केलं. म्हणजे आमच्या घरातला प्रकल्प काही नवा नव्हे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, मग बडोद्याला कलाभवनात. तिथं प्राचार्य गज्जरांनी हा मुलगा हेरला. फोटोग्राफीची खोली आणि सामान त्याच्या हवाली केलं, ठसे करण्याचं तंत्र शिकायला रतलामलाही पाठवलं. काच धुणं, रसायनं कालवणं, अंधाऱ्या खोलीत छाप काढणं हे सगळं त्यांनी हातानं करून शिकलं. मला वाटतं, पुढचं सगळं त्या खोलीतच ठरलं.

पण शिक्षण झालं म्हणून पोट भरतं असं नाही, हे आम्हा आयांना वेगळं सांगायला नको. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला. १९०० च्या प्लेगात बायको आणि मूल दोघंही गेले. बडोद्याला परत आले, तर लोक फोटो काढायलाच भीत. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो, असा तेव्हा समज होता. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, पुढं दादरला. छापखाना चांगला चालला होता, पण भागीदारांशी पटलं नाही, तोही सोडला. चाळिशीचा माणूस रिकाम्या हातानं घरी! त्या घरातल्या बाईचं काय झालं असेल?

ती बाई म्हणजे सरस्वतीबाई. माहेरच्या गिरिजा करंदीकर, १९०२ साली लग्न झालं. १९११ मध्ये फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्तावरचा सिनेमा पाहिला आणि त्यांना दुसरं काही सुचेना. रोज चार-पाच तास सिनेमे पाहून डोळे इतके बिघडले की काही दिवस दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारानं दृष्टी आली. मग विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तंत्र शिकून कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन एप्रिलमध्ये परतले. वाटाण्याची फीत त्यानंतरची. पुढच्या खर्चासाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

दागिने दिले ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्यांचं काम मोठं वाटतं. कच्च्या फिल्मला कडेनं भोकं पाडावी लागत, तीसुद्धा अंधारात. ते त्या करत. फिल्म धुवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक वेगळाच. त्या कुठल्या शाळेत गेल्या नाहीत. फाळके कलाभवनात शिकले आणि त्या फाळक्यांकडून घरात शिकल्या. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या पुरुषानं केलं. त्याच वर्षीच्या पुढच्या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

नंतर 'लंकादहन'नं पैसा आणला, तो टिकला नाही. बोलपट आले, त्यात त्यांनी 'गंगावतरण' हा एकच केला, १९३७ साली. १९४४ च्या १६ फेब्रुवारीला ते नाशिकला गेले. तेव्हा सिनेमावाल्यांना त्यांची फारशी आठवण उरली नव्हती.

हे सगळं मी लेकीला रात्री सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग मला कॅमेरा घेशील का? आतापर्यंत ती मैत्रिणीचा आणून काम भागवते. ह्या शिक्षणावर पुढं पोट भरेल का, हा प्रश्न माझ्या मनात अजून आहेच. भिंगारात लग्नाचे फोटो काढणारी मुलगी मी तरी पाहिलेली नाही. पाटल्या कपाटात आहेत. ह्यांच्याशी अजून बोलले नाही.

मेथी दुसऱ्यांदा पेरली आहे. कुंडीभोवती लेकीनं खडूनं रेघ मारली आहे, आणि ओटा मी तेवढा भाग सोडून पुसते.