फिट्झगेराल्डचा ‘गॅट्सबी’ धूसर आहे, हे ओळखणारा संपादक: कोण होते मॅक्सवेल पर्किन्स?

सेल्फ पब्लिशिंगमुळे आज कुणालाही स्वतःचं पुस्तक काढता येतं. मग संपादक हवाच कशाला? मॅक्सवेल पर्किन्स यांचं आयुष्य पाहिलं की या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

१८८४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले पर्किन्स हार्वर्डला अर्थशास्त्र शिकले, न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमीदार झाले. १९१० मध्ये ते स्क्रिब्नर्स प्रकाशनात आले, तेही जाहिरात विभागात.

पुढे संपादक झाल्यावर त्यांच्या हाती स्कॉट फिट्झगेराल्ड या नवख्या लेखकाची कादंबरी आली. प्रकाशनाने ती नाकारली. पर्किन्स यांनी लेखकाला धीर दिला, पुन्हा लिहायला लावलं. १९२० मध्ये ती छापली गेली आणि गाजली.

१९२४ मध्ये ‘द ग्रेट गॅट्सबी’चं हस्तलिखित वाचून त्यांनी नेमकी उणीव दाखवली. ज्याच्या नावावर कादंबरी आहे, तो गॅट्सबीच धूसर वाटतो! दुरुस्ती मात्र फिट्झगेराल्डनेच केली.

थॉमस वुल्फची गोष्ट वेगळी. त्याच्या अवाढव्य हस्तलिखितांमधून हजारो शब्द काढावे लागले. १९३५ ची कादंबरी त्याने पर्किन्स यांनाच अर्पण केली. पण संपादकाशिवाय याला पुस्तक जमत नाही, अशी टीका झाली. ती जिव्हारी लागली आणि १९३७ मध्ये वुल्फने प्रकाशक बदलला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. त्याच्या साहित्याची जबाबदारी मृत्युपत्रानुसार पर्किन्स यांच्याकडेच आली.

१९४७ मध्ये पर्किन्स यांचं निधन झालं. पुस्तक लेखकाचंच असतं, संपादक त्यात भर घालत नाही, असं ते शेवटपर्यंत मानत.